देवी नव्हत्या

आम्ही थळला राहत होतो तेव्हाची गोष्ट. बायकोला खोकला आणि ताप झाला. अलिबागच्या डॉक्टरांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या, दिवसाला चार. ताप उतरला म्हणून मी निर्धास्त झालो. आठवडा सरत आला तसे तिचे डोळे लाल झाले, ओठांवर फोड आले, पाठीवर तांबडे चट्टे उठले.

आईने दारात कडुनिंबाचा डहाळा अडकवला. "देवी आल्यात. आता औषध बंद. घरात फोडणी न्हाय, तळण न्हाय."

"अगं, तिला लहानपणी देवी टोचल्यात. दंडावर वण आहेत बघ."

"वण बघून देवी मागं फिरते व्हय?"

तिने गोळ्या उचलून ठेवल्या. मी टांगा करून डॉक्टरांना आणायला गेलो. परत आलो तोवर पाठीची कातडी भाजल्यासारखी सुटून चादरीला चिकटू लागली होती. आई तिला खोबरेल लावलेल्या केळीच्या पानांवर निजवत होती.

डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं. आतही फोड होते.

"गोळ्या चालू आहेत?"

आई भांडायच्या तयारीनेच पुढे झाली. "मी बंद केल्या. देवीला चालत न्हाय."

"फार बरं केलंत, आजी. पण या देवी नाहीत. गोळीनंच झालंय हे. सल्फाची गोळी. पुष्कळांना गुण येतो, एखाद्याला असं होतं."

"आणि ती एखादी आमचीच सापडली व्हय तुम्हाला?"

डॉक्टर वाकून तिच्या पापण्या उघडून पाहू लागले. वाचेल ना, असं मी विचारलं. "डोळे जपा," एवढंच ते म्हणाले.

ती वाचली. नवी कातडी ठिगळं लावल्यासारखी आली आणि उजेड मात्र कायमचा सोसेनासा झाला. डॉक्टरांनी मला बजावलं, "पुन्हा ही गोळी पोटात गेली, तर मला बोलवायलाही वेळ मिळणार नाही."

पुढे त्यांची बदली झाली. दोन पावसाळ्यांनी तिला पुन्हा सणकून ताप भरला. नव्या डॉक्टरांना मी विचारलं, यात सल्फा नाही ना? त्यांनी गोळीचं भलतंच नाव सांगितलं. एकच औषध निरनिराळ्या नावांनी येतं, असं मी ऐकलं होतं, म्हणून पुन्हा विचारलं.

"डॉक्टर तुम्ही की मी?"

घरी येऊन मी गोळी तिच्यापुढे धरली. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"अहो, ही ती नव्हे, हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे?"

"नाही."

"मग ताप राहू दे," म्हणून तिने तोंड मिटलं. मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. चटका बसत होता.