"नाही" न म्हणणारे एजंट

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी एजंट बनवतेय म्हटल्यावर आई म्हणाली, "विम्याचे?" नाही गं बाई, कॉम्प्युटरमधले! चार कॉम्प्युटर, प्रत्येकात एक प्रोग्रॅम, वर साहेब कुणीच नाही. एकमेकांना निरोप पाठवून काम आपसात वाटून घ्यायचं आणि चौघांनी मिळून ऑर्डर वेळेत पुरी करायची. नव्वदच्या दशकात बदलापुरात हे कुणाला समजावायचं म्हणजे डोक्याला ताप.

कॉम्प्युटर उल्हासनगरच्या एका क्लासमधले आणि त्या गल्लीत सगळे जीन्स शिवणारे कारखाने. म्हणून माझा एकेक एजंट म्हणजे एकेक कारखाना. काम घ्यायचं की नाही हे कसं ठरवता, असं मी जाऊन मालकांनाच विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर, "ना नहीं बोलने का, बेटा. पहले हो जायेगा बोलने का, बाद में देखने का." मी मोठी शहाणी, तेच जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये घातलं.

झालं! ऑर्डर आली की जो आधी "होईल" म्हणेल त्याच्याच गळ्यात ते काम पडायचं. एक नंबरचा कॉम्प्युटर कायम पुढे. सगळी कामं त्याच्याकडे तुंबली, तो बंद पडला आणि बाकीचे तिघे हातावर हात ठेवून बसले. परीक्षा सोमवारी.

भीती नुसती नापास व्हायची नव्हती. बाबा अंबरनाथच्या एका कंपनीत सुपरवायझर होते. छाती तपासून डॉक्टरांनी जादा पाळ्या बंद करा म्हणून बजावलं होतं. बाबांचं आपलं एकच, "हिला नोकरी लागू दे, मग बंद." नोकरी ठरली होती, पण पास झाले तरच. माझं वर्ष गेलं असतं तर त्यांच्या पाळ्या तशाच चालू राहिल्या असत्या, आणि ते वर्ष त्यांना झेपेल असं मला वाटत नव्हतं.

रविवारी आम्ही जेवत असताना कंपनीचा माणूस दारात. "साहेब, दुसऱ्या पाळीला कोणी नाही." बाबा "येतो" म्हणाले आणि पानावरून उठले. जिना उतरताना कठडा धरून थांबलेले दिसले. मी तशीच उठून उल्हासनगर गाठलं, क्लास उघडून घेतला आणि नियम बदलला. आधी हातातलं काम बघ, झेपत नसेल तर सरळ नाही म्हण.

सोमवारी परीक्षकांसमोर उभी राहिले. ऑर्डर सोडली. एक नंबरने काही कामं घेतली आणि मग निरोप टाकला, "जमणार नाही." क्षणभर काहीच हललं नाही. मग पुढचं काम तीन नंबरने उचललं. परीक्षक हसून म्हणाले, "पास आहात हो, रडताय काय?"

संध्याकाळी तोच माणूस पुन्हा दारात. बाबांचा हात खुंटीवरच्या शर्टाकडे गेला.

"जमणार नाही त्यांना," मीच म्हणाले.

"अगं, मी नाही म्हटलं तर दुसरं आहे कोण?"

"ते कंपनी बघेल."

माणूस बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला आणि निघून गेला. बाबा शर्ट मांडीवर घेऊन खाली बसले. म्हणाले, "आणि तुझा पगार सुरू होईपर्यंत घर?"

"होईल," मी म्हणाले. काहीही न बघता.