एक तांब्या गोडं पाणी

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. "मॅडम, टँकर... भानू के घर के सामने... जल्दी आओ," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. आवाज फाटलेला होता, पण आमच्या भागात टँकर आला की सगळ्यांचाच आवाज फाटतो. मी दोन बादल्या उचलल्या आणि धावत सुटले. गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली, तरी माझ्या मनात हेच, की आज नंबर मिळायचा नाही. गर्दीतून वाट काढत पुढे गेले तर टँकरचा मागचा भाग कंपाउंडच्या भिंतीला टेकलेला आणि भिंतीपाशी सुनंदा मातीत बसलेली... भानुदासदाजींचं मरण बघायला मी दोन रिकाम्या बादल्या घेऊन गेले. आज दीड-दोन महिने झाले. लोक म्हणतात, राग ओसरेल. ज्यांना असं वाटतं त्यांनी आमच्या गल्लीत येऊन राहावं.

सुनंदा माझी लहानपणापासूनची मैत्रीण, आणि तिचा नवरा म्हणून ते माझे दाजी. चिकलठाण्याला विमानतळाच्या पलीकडे नव्या इमारती उठल्या, त्यातल्या एकीत ते राहत, शेजारच्या इमारतीत मी. बिल्डरने दारात कारंजं दाखवलं होतं. ते आजतागायत कोरडं आहे आणि त्यात पोरं सायकली लावतात. गल्ली इतकी अरुंद की टँकर उलटा आत घ्यावा लागतो. दाजींनी उमेदीची वर्षं नौदलात काढलेली, त्यामुळे टँकरच्या मागे उभं राहून हातवारे करत "येऊ द्या... येऊ द्या... बास!" करायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. त्या दिवशी ड्रायव्हरला पुढच्या खेपेची घाई होती. दाजींचं "बास" त्याला ऐकू आलं नाही म्हणे.

खरी चीड पुढेच आहे. सलीमभाई आणि दोघे-तिघे जण दाजींना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले आणि मागे त्याच टँकरला लोकांनी नळ्या लावल्या. एक बाई मला म्हणाली, "ताई, मानूस तर गेला, आता पानी बी कशाला जाऊ द्यायचं?" संध्याकाळी त्यांना घरी आणलं, तर वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बायका स्वयंपाकघरात शिरल्या आणि पिंप, घागरी, कळश्या सगळ्या उपड्या करू लागल्या. मयताच्या घरातलं पानी ठेवत नसत्यात म्हणे. दाजींनी सकाळी उठून, गाळून, झाकून ठेवलेलं पाणी जिन्यावरून खाली वाहत गेलं. मी ओरडले. त्यांना वाटलं, दुःखाने ओरडतेय. ज्या गाडीने माणूस मारला तिचं पाणी चालतं, आणि मेलेल्या माणसाने भरलेलं पाणी विटाळतं, हे कुठलं शास्त्र? कुणी सांगेल का मला?

दाजी लासूर स्टेशनकडचे, मेंढपाळ घरातले. उन्हाळा लागला की त्यांचं सगळं घर मेंढरांमागे पाणी शोधत निघायचं. ते म्हणायचे, "आमचा बाप पान्यामागं हिंडला, मंग मी इचार केला, आपन जिथं संपतच नाय तिथं जावं." आणि गेले की हो, सरळ समुद्रावर! शिडाची बोट चालवायला तिथेच शिकले, शर्यतीही खेळले. परत येऊन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागले, पण डोक्यातून शीड गेलं नाही. मी भूगोल शिकवते हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "बाई, समुद्र पाह्यला का?" मी नाही म्हटलं. "भूगोल शिकवता आन समुद्र नाय पाह्यला? लई अवघड हाय लेकरांचं!" त्यानंतर जो भेटेल त्याच्यासमोर त्यांनी मला यावरून छळलं आणि शेवटी एका दुष्काळाच्या साली बोटीवरच चढवलं.

थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बेटंच बेटं आहेत. तिथे शिडाची बोट भाड्याने मिळते; चालवणारा जाणता लागतो, तो आमच्यात होता. बाकी खलाशी म्हणजे सुनंदा, मी आणि सलीमभाई. सलीमभाई दाजींचे शाळासोबती, गुलमंडीत कापडाचं दुकान. शीड पाहिल्याबरोबर त्यांनी ते चिमटीत धरलं, चोळलं आणि म्हणाले, "माल अच्छा है." सुनंदा सुकाणूवर अशी बसली जणू जन्मभर तेच करत आलीय. मी आणि सलीमभाई दोरांवर. हिरव्या पाण्यातून उभे सुळके वर आलेले, त्यांच्या पोटात गुहा, एखाद्या बेटावर फक्त माडाची चार झाडं आणि पांढरी वाळू. दिवसभर एका बेटावरून दुसऱ्यावर जायचं, दिवस कलला की आडोसा बघून नांगर टाकायचा. मी वर्गात बेटांच्या व्याख्या पाठ करून घेतल्या होत्या. तिथे मला एकही आठवली नाही.

संध्याकाळी समुद्रात आंघोळ, आणि वर आल्यावर प्रत्येकाला एक तांब्या गोडं पाणी. तांब्या दाजींनी घरून आणला होता, पितळेचा, बुडाला पोचा आलेला. ते शिडीपाशी उभे राहून हाक मारत, "चला, मीठ उतरवा!" सलीमभाई विचारत, "नजर उतार रहे क्या?" दाजी म्हणत, "व्हय, समुद्राची लागली तुमाला." एका तांब्यात डोक्यापासून पायापर्यंत कसं उतरायचं हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. आम्ही कुठून आलोय!

एके दुपारी मात्र आम्ही आमची लायकी दाखवली. आभाळ अचानक काळं झालं, वारा सुटला. दाजींनी ओरडून सांगितलं, दोर सोडा, शीड खाली घ्या. तेवढ्यात पाऊस कोसळला. सलीमभाई किंचाळले, "पानी आया!" आणि मी आणि ते, दोघेही, हातातलं काम टाकून भांडी शोधायला धावलो. बादली, पातेली, कुकर, चहाचं भांडं, जे सापडलं ते डेकवर मांडलं. बोट एका अंगावर कलली, कुकर घरंगळला, मी कुकरच्या मागे! दाजींनी एकट्याने शीड उतरवलं. आता शिव्या बसणार म्हणून आम्ही गप्प उभे, तर ते डोलकाठीला टेकून हसत खाली बसले, डोळ्यांतून पाणी येईतो. "चौफेर पानी, टाकी भरलेली, आन हे येडे भांडी मांडत्यात..." मग एकदम थांबले. म्हणाले, "आपल्याला लई भेवडावून ठेवलंय, बाई." बोट परत दिली तेव्हा तिथल्या माणसाने पाण्याची टाकी तपासली. काटा इतका वर होता की त्याला तो बिघडलाय असं वाटलं. दोनदा ठोकून पाहिला बिचाऱ्याने.

घरी आल्यावरही तांब्या कामातच राहिला. दाजींच्या न्हाणीच्या कट्ट्यावर तो कायम भरलेला, ताटलीने झाकलेला असे. ताजं पाणी आलं की आमच्याकडे कालचं ओतून देतात, शिळं झालं म्हणून. दाजींना त्या शब्दाचा तिटकारा. "पान्याला शिळं म्हननाऱ्याला समुद्रात न्या," म्हणायचे. मी शाळेतून कुणाशी तरी भांडून, तणतणत आले की तांब्या पुढे करत, "बसा बाई, मीठ उतरवा आधी." आणि खरंच, तोंडावर पाणी मारलं की माझा पारा खाली यायचा. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बेटांवर जायचं ठरलं होतं. दाजी गेले त्या सकाळी सलीमभाई त्याच बोलण्यासाठी आले होते.

दाजी गेल्यापासून मी एकच मागणी लावून धरली आहे. टँकर गल्लीत उलटा आणायचा नाही, मोठ्या रस्त्यावर उभा करून लांब नळी टाकायची. इमारतींच्या समितीने मला समजावलं, नळी लांबली की धार बारीक होते, वेळ जातो. "ते व्हायचं होतं, झालं, मॅडम." व्हायचं होतं? कारंज्याची जाहिरात करून कोरडी घरं विकली, तेही व्हायचंच होतं का? मागच्या बैठकीत मी इतकी ओरडले की माझा आवाज बसला. ठराव झाला नाही. शोकसभा मात्र झाली, पाण्याच्या बाटल्या वाटून.

परवा सलीमभाई आणि मी सुनंदाकडे बसलो होतो. तिने न्हाणीतून तांब्या आणला. बायकांनी घर उपडं केलं त्या दिवशी कट्ट्यावरचा तांब्या कुणाच्या नजरेला पडला नव्हता. दाजींनी भरलेलं तेवढंच पाणी उरलं होतं, तेही आटून निम्म्यावर आलेलं. मी म्हटलं, "राहू दे गं, झाकून ठेव." सुनंदाच्या गालांवर अश्रू वाळून पांढुरके ओघळ उमटले होते. ती म्हणाली, "ठिवून काय करू? उडूनच चाललंय ते." मग माझ्या पुढ्यात बसली. "हात कर पुढं. मीठ उतरव." तिने माझ्या ओंजळीत ओतलं, सलीमभाईंच्या ओंजळीत ओतलं, उरलेलं स्वतःच्या चेहऱ्यावर घेतलं. मी तोंडावर पाणी मारलं. पहिल्यांदाच पारा उतरला नाही.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. कुणीतरी नव्या आवाजात ओरडत होतं, "येऊ द्या... येऊ द्या..." वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा होता तो. सुनंदा उठली, रिकामा तांब्या तिच्या हातातच होता. आम्ही तिघं खाली उतरलो. मी त्या मुलाला दंडाला धरून बाजूला केलं आणि गल्लीच्या तोंडाशी, टँकरच्या मागे, उभी राहिले. उजवीकडे सलीमभाई, मध्ये सुनंदा. मागून बायका ओरडायला लागल्या, पाणी परत जाईल, पोराबाळांना काय पाजायचं? ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. सुनंदा एकदाच बोलली, कर्कश, गल्लीभर ऐकू जाईल अशी.

"बास!"

इंजिन बंद झालं. कुरकुरत, शिव्या देत कुणीतरी लांब नळी आणायला गेलं. धार खरोखरच बारीक आली. त्या बारीक धारेखाली सुनंदाने सगळ्यांच्या आधी तांब्या धरला. भरायला वेळ लागला.