उस्तादांचा शेवटचा फायर

उस्तादांच्या घरी जाताना हातात छत्री असली तर तिचं टोक जमिनीकडे धरून जावं लागे. नाहीतर दारातूनच आवाज यायचा, "नळी कोणाकडं हाये?" छत्रीला नळी नसते हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. झाडू, काठी, प्लंबरचा पाईप, बाजारातला दुधी, जे काही लांब असेल त्याचं तोंड माणसाकडे वळलेलं त्यांना खपत नसे. एकदा तापानं फणफणले होते, तेव्हा इंजेक्शन घेऊन आलेल्या सिस्टरलाही त्यांनी हेच विचारलं. ती म्हणाली, "तुमच्याकडंच हाये काका," आणि टोचून मोकळी झाली.

नोकरीत असताना ते पोलिसांना हत्यार शिकवायचे. निवृत्त झाल्यावर वर्ध्यातल्या एका खासगी प्रशिक्षण केंद्रानं त्यांना ठेवून घेतलं. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असलेले पांढऱ्या मिशांचे लोक तुम्ही पाहिलेच असतील. त्यातले बरेच आमच्यासारखे निवृत्त पोलीस असतात; मीही एका बँकेच्या दारात तसाच उभा असायचो. केंद्रामार्फत अशी नोकरी करायची तर दरवर्षी चांदमारीवर जाऊन टार्गेटवर गोळ्या चालवून दाखवाव्या लागतात. पास झालात तर दाखला, नाहीतर बंदूक खाली ठेवायची. हा दाखला उस्तादांच्या हातून मिळायचा, आणि तो मिळवताना भल्याभल्यांना घाम फुटायचा.

एकदा एक निवृत्त इन्स्पेक्टर साहेब आले. जुने वरिष्ठ म्हणून उस्तादांनी टाचा जुळवून कडक सलाम ठोकला. साहेब खूश झाले, गप्पा मारता मारता रायफल घेऊन गर्रकन वळले आणि आम्ही सगळे एकदम खाली बसलो. उस्तादांनी शांतपणे त्यांच्या हातून रायफल काढून घेतली. "सलाम वर्दीले होता साहेब. रायफलीले तुम्ही अजून नवे हाये. पुढच्या खेपी येजा." साहेबांनी वरपर्यंत फोन लावले. उस्तादांनी एकही ऐकला नाही. त्या दिवशी मला त्यांचा असा अभिमान वाटला, की घरी जाऊन बायकोला ती गोष्ट मी दोनदा सांगितली.

माझं तर सगळं शिक्षणच त्यांच्या हाताखाली झालं. भरती झालो तेव्हा रायफल हातात घेतली की माझे हात लटपटायचे. उस्ताद नळीवर एक नाणं ठेवायचे आणि ते न पाडता घोडा दाबायला लावायचे. नाणं पडलं की उचलून पुन्हा ठेवायचे. चिडायचे नाहीत. "श्वास सोड बे आधी. कोंडून काऊन ठेवून राह्यला? कोणाले द्याचा हाये?" माझा नेम बसायला लागला तो त्यांच्यामुळे, आणि मग आयुष्यभर तो हलला नाही. चांदमारीच्या सकाळी त्यांच्या थर्मासमधला पहिला चहा माझा असे.

त्यांचा एक नियम होता. फायर झाला, रायफली रिकाम्या करून ठेवल्या, की सगळ्यांनी चालत टार्गेटपर्यंत जायचं आणि आपापल्या टार्गेटशेजारी सावधान उभं राहायचं. कोणी तोंडानं 'हे माझं' म्हणायचं नाही. जो जिथं उभा, ते त्याचं. आणि तिथं वाद घालायचा नाही. "हत्यार जवळ असताना दोघं भांडले का तिसरा मरते," असं ते म्हणत. मग ते एकेका टार्गेटवरून बोट फिरवत आणि भोकं चाचपून निकाल सांगत. ती त्यांची ऐट आहे असं आम्हाला वाटायचं.

मग केंद्रानं नवा नियम आणला. जो शिकवतो त्यानंही दरवर्षी इतरांसारखाच फायर करून दाखवायचा, तोही बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर. नाही जमलं तर शिकवणं बंद. आम्ही हसलो. उस्तादांची परीक्षा म्हणजे मास्तरला बाराखडी विचारणं. उस्ताद मात्र हसले नाहीत.

परीक्षेच्या दिवशी मी तिसऱ्या जागेवर होतो, उस्ताद माझ्या शेजारी चौथ्या. पाच-पाच गोळ्या. माझ्या चांगल्या गेल्या. गोळी सुटतानाच ते कळतं, तुम्हाला सांगून पटणार नाही. रायफल रिकामी केली, तपासली, उठलो. गुडघा धरल्यामुळे मी मागं पडलो. उस्ताद झपाझप पुढं गेले. चौथ्या टार्गेटपाशी थांबले, त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दोन पावलं डावीकडे सरकले, माझ्या टार्गेटवरून बोट फिरवलं, आणि त्याच्या शेजारी टाचा जुळवून उभे राहिले.

मला वाटलं, चुकले. आता लक्षात येईल, सरकतील. मी जवळ जाऊन उभा राहिलो, हळूच म्हणालोही, "उस्ताद?" त्यांनी मान वळवली नाही. मागून परीक्षक येत होता, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे तोही जो जिथं उभा, ते त्याचं धरणार होता. उरलेली जागा एकच होती. मी चौथ्या टार्गेटशेजारी जाऊन उभा राहिलो. कागद कोरा करकरीत होता.

परीक्षक तरुण होता. तिसऱ्यासमोर तो म्हणाला, "वा, उस्ताद! पाचही भोकं एका वाटीत मावतील!" माझ्यासमोर आल्यावर त्यानं फक्त माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. तिथं वाद घालायचा नाही हे ज्यांनी मला शिकवलं तेच शेजारी उभे होते.

तुम्ही म्हणाल, नंतर बोलायचं. मी वाट पाहिली. उस्ताद स्वतः येतील, काहीतरी सांगतील, निदान शिवी तरी देतील, असं वाटत राहिलं. ते आले नाहीत. दाखला नाही म्हणून बँकेनं दुसरा माणूस घेतला. आता मी पिपरी मेघेतल्या एका अपार्टमेंटच्या गेटवर काठी घेऊन बसतो आणि गाड्यांना आत सोडतो. बायको म्हणाली, "वय झालं आता तुमचं, नेम हालनच." तिनंही मान्य करून टाकलं, हे मला जास्त लागलं.

पुढं बायकोचा मोतीबिंदू दाखवायला सेवाग्रामला गेलो. डोळ्यांच्या ओपीडीत सुनेचा हात धरून उस्ताद बसलेले. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "काचबिंदू हाये काका. चार वर्षं झाली. कोणाले सांगू नोको म्हणत होते. आता शिकवणं सोडलं त्याईनं." चार वर्षं! चार वर्षं हा माणूस आमच्या नळ्यांशेजारी उभा राहून आमचे निकाल लावत होता. मला घाम फुटला, आणि मग संतापही आला.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी आवाजाच्या आधीच ओळखलं, बहुतेक माझ्या लंगडण्यावरून.

"तू पुढच्या वर्षी पुन्हा पास झाला असता," ते म्हणाले. ना कशी आहे तब्येत, ना बस. "मी झालो नसतो. घरी बसलो असतो, तर कोणी इचारलं असतं मले?"

"बँक वर्षभर थांबत नसते, उस्ताद."

ते खिशात रुमाल शोधत राहिले. सापडला तेव्हा डोळे न पुसता तसाच हातात धरून बसले. एक शब्द हवा होता मला, चुकलो एवढाच. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला, आणि सून त्यांना आत घेऊन गेली. एक गोष्ट मला आजही टोचते. परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी येऊन त्यांनी मला सांगितलं असतं, तर मी स्वतःहून चौथ्या जागेवर जाऊन उभा राहिलो असतो. माझ्याजवळ मागायचं सोडून त्यांनी चोरलं.

हिवाळ्यात ते गेले. तेरवीला गेलो. दिवाणखान्यात त्यांचा वर्दीतला फोटो होता, आणि शेजारी काचेच्या चौकटीत एक टार्गेट. दोन्हींना हार घातले होते.

"बाबांचा शेवटचा फायर," मुलगा पाहुण्यांना सांगत होता. "डोळे गेलते, तरी पाहा! पाचही एका वाटीत." मग मी दिसलो. "काका, तुम्ही तर बाजूलेच होते ना? सांगा ना यायले!"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. त्या पोराचे डोळे भरून आले होते.

"हो," मी म्हणालो. "मी तिथंच होतो."

त्याला आणखी ऐकायचं होतं. चौकटीवरचा हार एका बाजूला घसरला होता. तो सरळ करायच्या निमित्तानं मी जवळ गेलो आणि ती पाच भोकं पहिल्यांदाच इतक्या जवळून, नीट पाहिली. चांगला फायर केला होता मी.