गोल पिनचा रेडिओ

सीताबर्डीच्या त्या दुकानदाराचा मला अजून राग येतो. खाप्याहून आलेली एक बाई तिथे छोटे रेडिओ बघत होती. आवाज नाही, रंग नाही, तिला फक्त चार्जिंगची पिन बघायची होती. तिने चष्मा काढून माझ्याकडे दिला, “धरा जरा,” म्हणाली आणि डोळे घट्ट मिटले. अंगठ्याने भोक चाचपायचं, मग पिन टेकवायची. चपटी पिन सारखी उलटी लागत होती. रेडिओ नाजूक दिसावा म्हणून भोकही नखाएवढं केलेलं.

“काकू, डोळे उघडून लावा ना,” दुकानदार हसत म्हणाला.

“माह्या नवऱ्याले दिसत नाही गा. गोल पिनचा दाखव. कशीबी घातली तरी लागते.”

“आता नाही येत तसे. घरी तुम्ही आहा ना लावून द्याले?”

तिने चष्मा परत घेऊन पदराने पुसला. “आहो ना. म्हणून काय साध्या बातम्या ऐकाले बी त्यायनं माहीच वाट पाहावी?”

ती गेली.

“तुम्हाले काय दाखवू?” दुकानदाराने मला विचारलं.

मी तोच रेडिओ आणि पिन त्याच्या हातात ठेवली. म्हटलं, “आधी डोळे मिट.”