मुगाचं आम्लेट आणि अण्णांची माळ

मी पुण्यात, मुगाच्या डाळीपासून अंडं बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते, आणि मी जन्मात अंडं खाल्लेलं नाही. हसा. आमच्या गावी, पाटोद्यात तर सगळे हसून घेतातच. आमचं घर माळकरी. माझ्या जन्माआधी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गडावरच्या महाराजांकडे जाऊन तुळशीची माळ घातली आणि अंडी-मटण घराबाहेर गेलं. पुढे हॉस्टेलवरही माझा धीर झाला नाही. ऑफिसातले लोक चाखून सांगायचे, "जवळजवळ अंड्यासारखं." या 'जवळजवळ'नं माझं डोकं उठवलं होतं. माझी भीड न ठेवता खरं सांगणारा माणूस एकच, अण्णा. माळेआधी दर बाजाराला स्टँडजवळच्या गाड्यावर अण्णांचं आम्लेट ठरलेलं असायचं, हे आई अजून खवचटपणे सांगते.

म्हणून दिवाळीला मिश्रणाची बाटली घेऊनच घरी गेले. अंड्यासारख्या वासासाठी त्यात काळं मीठ असतं. आईनं झाकण उघडून नाक मुरडलं.

"मुगाला असला वास कावून येतोय?"

कुणा पाहुण्यासाठी अंडं करायचंच झालं, तर आमच्याकडे ते अंगणात तीन दगडांवर, वेगळ्या भांड्यात होतं. माझ्या बिचाऱ्या मुगालाही तीच शिक्षा झाली.

अण्णांनी त्या आम्लेटचा एक घास घेतला आणि डोळे मिटले. माझा जीव टांगणीला. मग ते ताडकन उठले, चूळ भरली आणि कानाला हात लावले.

"अवो, मूग हाय त्यो," आई म्हणाली.

"मूग हाय, ठाव हाय. पर मन आम्लेट खाऊन आलं न्हवं!"

ते खरोखर कासावीस झाले होते. मला फार वाईट वाटलं. आपण उगीच त्यांच्या माळेच्या वाटेला गेलो, असं झालं. आईनं मात्र उरलेल्या मिश्रणात कांदा, जिरं, लसूण, कोथिंबीर ढकलली आणि ते सरळ घरातल्या चुलीवरच्या तव्यावर ओतलं.

"धिरडं शिकाया पुण्याला गेलतीस व्हय?"

अण्णा धिरड्यांवर तुटून पडले. माझी सगळी मेहनत चटणीबरोबर पोटात गेली. आई पाणी आणायला उठली, तेव्हा मी घाबरतच विचारलं, "अण्णा, मघाचं ते कसं लागलं?"

त्यांनी आधी माळ सदऱ्याच्या आत सारली.

"मिरची कमी पडली," ते हळूच म्हणाले. "बाकी त्येच हाय."