टेबलावरची बुक्की

भूकंपात शेजारच्या काकांच्या घरातला एकही फोटो उरला नाही. तेव्हापासून कोणतीही वस्तू ते ठोकून बघितल्याशिवाय घेत नाहीत.

क्लासमध्ये शिकवणारी माझी बायको वारली. तिच्या जागी नवे सर आल्यावर क्लासवाले तिच्या तासांची रेकॉर्डिंग पुसायला निघाले. काका म्हणाले, "त्याआधी उतरवून घ्या. ते साठवायला आपून घरीच सर्व्हर बसवू."

लातूरच्या दुकानात यंत्रावर व्हिडिओ चालू असतानाच त्यांनी टेबलावर बुक्की हाणली. दुकानदार ओरडला, "काका, कंप्यूटर घ्यायलाव का बैल?"

"भूकंप काय गोंजारत येतो व्हय?"

फिरत्या डिस्कचं यंत्र अडखळलं. न फिरणाऱ्या डिस्कचं चालत राहिलं; तेच घेतलं.

घरी बायकोचा तास लावल्यावर त्यांनी पुन्हा बुक्की हाणली. हिचा आवाज मात्र शिकवतच राहिला.

काका जमिनीकडे बघून म्हणाले, "आता ये म्हणावं!"