आमची गोळी, त्यांचं पेटंट

कोर्टात केस असली की दोन गोष्टी साठत जातात. तारखा आणि किस्से. तारखा निकालाबरोबर संपतात. किस्से मात्र घरी येऊन राहतात, पाहुण्यासारखे, आणि जायचं नाव घेत नाहीत! परवा आमच्या पॅकिंगमधली शालिनी जोगेश्वरीच्या बाजारात भेटली. "राणे, ती केस आठवते का गं?" एवढंच म्हणाली, आणि भाजीची पिशवी हातात घेऊन आम्ही दोघी अर्धा तास रस्त्यात हसत उभ्या. म्हटलं, आता लिहूनच टाकू.

तर गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची औषधांची छोटी कंपनी होती. दोन शेड, साठ माणसं. मालक दळवी साहेब. मी तिथे स्टेनो. आमची खरी कमाई एकाच गोळीवर होती, पोटाच्या अल्सरच्या. तीच गोळी एक मोठी परदेशी कंपनीही विकायची, पण आमच्यापेक्षा कितीतरी महाग.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. त्या काळी आपल्याकडे औषधाचं पेटंट मिळत नसे. औषध बनवण्याच्या पद्धतीचं मिळायचं. म्हणजे त्याच गावाला तुम्ही दुसऱ्या रस्त्याने गेलात तर चालेल, पण त्यांच्या रस्त्याने गेलात की चोर!

*

एके दिवशी त्या कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. चौदा पानं. 'तुम्ही आमची पद्धत चोरली आहे, सात दिवसांत उत्पादन बंद करा.' मी वाचून दाखवत होते आणि दळवी साहेब नुसतं ऐकत होते. शेवटचं पान झालं तसं त्यांनी आमच्या चीफ केमिस्टना, कांबळ्यांना बोलावलं.

कांबळे फलटणकडचे. घाटकोपरला राहायचे. शिष्यवृत्तीवर एम.एस्सी. केलेला माणूस, बोलणं कमी, काम पक्कं. ती गोळी आमच्या लॅबमध्ये त्यांनीच उभी केलेली.

साहेब एरवी सगळ्यांशी साधं मराठी बोलायचे, पण चिडले की थेट मालवणी. म्हणाले, "कांबळे, खरां सांगा. आपण चोरलंव?"

"नाही साहेब. आपली पद्धत वेगळी आहे."

"सिद्ध करशात?"

"करीन."

"मगे भियाचा कित्याक? राणे, उत्तर टाइप करा!"

"काय टाइप करू साहेब?"

"चौदा पानांक एक ओळ पुरे. 'आमी काय बंद करणार नाय!'"

ते इंग्रजीत कसं लिहायचं, ह्यावर माझी दुपार गेली.

*

कांबळ्यांना त्या परदेशी कंपनीच्या पेटंटचा मजकूर हवा होता. पेटंट ऑफिसवाले झेरॉक्सला चार दिवस लागतील म्हणाले, म्हणून मी तिथेच बसून हाताने उतरवून काढला. दोन दिवस! बोटं अशी आखडली की घरी डाव्या हाताने जेवले. मध्ये मध्ये रसायनांच्या आकृत्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. रांगोळीचे षटकोन काढावेत तसे मी काढत गेले.

कांबळ्यांनी वही पाहिली आणि कपाळाला हात लावला. "राणेबाई, ह्या षटकोनाच्या कोपऱ्यात एन हे अक्षर असणार. एन नसेल तर हे वेगळंच रसायन होतं!"

गेले ना परत! मरोळहून बस, गाडी, पुन्हा बस. एका 'एन'साठी पूर्ण सकाळ! तिथला क्लार्क म्हणाला, "काय राहिलं?" मी म्हटलं, "एक अक्षर." तो माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला की बाईला घरी कोणी आहे की नाही!

मग कांबळे तो मजकूर घेऊन बसले. वकील लोकांनी तो असा लिहिला होता की जगातलं काही सुटू नये. 'हा द्राव, किंवा तो द्राव, किंवा तत्सम कोणताही द्राव.' कांबळे एकेका नावावर पेन्सिलीने टिक करत गेले. शेवटी खुर्चीत मागे रेलले आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"राणेबाई, ह्यांनी पेट्रोलसकट सगळे द्राव लिहिलेत. फक्त एक विसरले."

"कुठला?"

"पाणी. आपण पाण्यात करतो!"

*

आमचे वकील गुप्ते. मुलुंडला राहायचे, माणूस अतिशय सज्जन, पण केमिस्ट्री म्हटलं की घाम फुटायचा. "कांबळे, मला जज्जसाहेबांना एका वाक्यात समजावता येईल असं काहीतरी द्या," म्हणाले.

कांबळे म्हणाले, "तुमच्या मुलुंडला मिठागरं आहेत ना? तिथलं मीठ समुद्राच्या पाण्यातून येतं. सैंधव खाणीतून खणून काढतात. पद्धती दोन, पण शेवटी मीठ ते मीठच."

गुप्त्यांना हे एवढं आवडलं की त्यांनी डायरीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. पहिल्याच सुनावणीला ठसक्यात सांगितलं. जज्जसाहेबांनी चष्मा काढला.

"मिस्टर गुप्ते, माझी पत्नी एकादशीला सैंधव खाते. साधं मीठ खात नाही. तिच्या मते ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तिला मी काय सांगू?"

गुप्ते बाहेर आल्यावर कांबळ्यांवर घसरले, "अहो, हे आधी सांगायचं नाही का?"

कांबळे शांतपणे म्हणाले, "साहेब, आम्ही बौद्ध. एकादशी तुमची, आणि उपासाचं मीठ मला विचारताय!"

*

त्या दिवशी हसलो खरे, पण तात्पुरता निकाल उलटा लागला. पुढच्या सुनावणीपर्यंत आमची गोळी बाजारात विकायला बंदी. तयार मालाच्या खोक्यांवर सील. वाट लागली म्हणतात ती हीच.

दळवी साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये जमवलं. "किती महिने जातील सांगता येत नाही," म्हणाले. "ज्याला दुसरीकडे काम मिळत असेल त्याने खुशाल जावं. मी राग धरणार नाही."

मागून सावंत उठले. तुकाराम सावंत, कणकवलीकडचे. आधी गिरणीत होते. संपात गिरणी बसली, मग दोन वर्षं मिळेल ते केलं, आणि मग आमच्याकडे आले. ज्या मोठ्या भांड्यात औषध तयार व्हायचं ते भांडं सांभाळायचे.

"साहेब, गिरणी बंद पडली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारताय. म्हणून सांगतो."

"सांगा सावंत."

"नाय जाणार!"

आणि खाली बसले. झालं, विषय संपला! एकही माणूस गेला नाही. आमच्याकडे खोकल्याच्या औषधाचं एक जुनं लायसन्स पडून होतं. पुढचे चार महिने सगळ्यांनी मिळून तेच बनवलं, बाटल्या भरल्या, लेबलं चिकटवली. मीसुद्धा, टाइपरायटरवर कव्हर घालून. साहेब स्वतः स्कूटरवर बाटल्या घेऊन सांताक्रूझपासून बोरिवलीपर्यंत केमिस्टच्या दुकानांच्या पायऱ्या चढले. एक दुकानदार वैतागून म्हणाला, "दळवी, एवढा माल ठेवू कुठे? गिऱ्हाइकाला खोकला तरी व्हायला हवा ना!"

साहेब म्हणाले, "होईल. मी थांबतो."

आणि खरंच स्टूल ओढून बसले!

*

ह्याच काळात ऑडिटर आले. त्यांचं म्हणणं, ताळेबंदाखाली केसबद्दल एक टीप लिहायलाच हवी. त्याला कंटिन्जंट लायबिलिटी म्हणतात.

"म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे असं संकट, जे येईल की नाही, आलं तर कधी येईल आणि केवढ्यात पडेल, हे आज सांगता येत नाही."

साहेब म्हणाले, "मगे त्यात माझ्या भावाचा नाव पण घाला!"

*

आणि मग कांबळ्यांना फोन आला. केसमधल्या समोरच्याच कंपनीतून! नोकरी देतो म्हणाले. पगार दुप्पट, वर राहायला जागा. कांबळ्यांचं घर म्हणजे एका खोलीत सहा माणसं. आम्हाला त्यांनी स्वतःच सांगितलं, "भेटायला बोलावलंय. जाऊन येतो."

साहेब "जा" म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी दिवसभर चुकीची बटणं दाबत होते. कांबळे गेले असते तर केस तिथेच संपली असती. पाण्यात गोळी कशी होते हे सांगणार कोण?

चारच्या सुमाराला कांबळे परत आले, अ‍ॅप्रन चढवला आणि लॅबकडे निघाले. साहेब मागोमाग.

"काय झालं?"

"काही नाही साहेब. चहा-बिस्किटं झाली. मग त्यांच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, 'तुमची पद्धत नेमकी कशी आहे हो?'"

"मग?"

"मी म्हटलं, कोर्टात तर शपथेवर सांगता की ती तुमचीच पद्धत आहे. मग मला काय विचारता?"

*

केस आम्ही जिंकलो. ते आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटचा किस्सा त्याचा नाही.

झालं असं. कोर्टाने एक निवृत्त प्रोफेसर तज्ज्ञ म्हणून नेमले. त्यांनी आमच्या कारखान्यात येऊन गोळीचं औषध पाण्यात बनतं की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. समोरच्या कंपनीचा एक डॉक्टरेटवालाही बरोबर होता. तो येतानाच म्हणाला, "इम्पॉसिबल."

पाण्यातलं काम म्हणजे थंडीचं काम. भांड्याभोवती बर्फ भरायचा आणि आतलं तापमान पाच अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. सावंत बर्फ घालत होते, कांबळे घड्याळ बघत होते. आणि ऐन मोक्याला, वाचायला बाहेर काढलेला थर्मामीटर हातातून पडून फुटला! तपासणीला थर्मामीटर प्रोफेसरांचाच हवा. त्यांचा दुसरा होता, पण गेटबाहेर गाडीतल्या बॅगेत. तो आणेपर्यंत पंधरा मिनिटं. डॉक्टरेटवाला हसला.

सावंतांनी हातमोजा काढला, भांड्याच्या अंगाला तळहात लावला आणि दुसऱ्या हाताने बर्फ घालत तसेच उभे राहिले. "थोडा बर्फ... बस्स... अजून मूठभर... बस्स. चार आहे." थर्मामीटर आला, प्रोफेसरांनी स्वतः बुडवला, स्वतः वाचला. चार! तासाभराने औषधाचे पांढरेशुभ्र कण खाली बसले तेव्हा प्रोफेसरांनी आधी सावंतांशी हात मिळवला, मग कांबळ्यांशी.

हे सगळं त्यांनी रिपोर्टमध्ये लिहिलं. मग काय, समोरच्या बॅरिस्टरांनी सावंतांनाच पिंजऱ्यात उभं केलं. सावंत इस्त्रीचा शर्ट घालून, घट्ट उभे. प्रश्न इंग्रजीत, दुभाषा मराठीत सांगायचा.

"शिक्षण किती?"

"सातवी."

"आणि तुम्ही म्हणता, नुसता हात लावून तुम्हाला तापमान कळतं?"

"होय साहेब."

"कोणत्याही वस्तूचं?"

"रोज हात लावतो तिचं बरोबर कळतं. बाकीच्यांचं अंदाजाने."

बॅरिस्टर कोर्टाकडे वळून हसले. मग पिंजऱ्यापाशी आले, काळ्या गाऊनची बाही सारली आणि हात पुढे केला. "मग हे सांगा!"

गुप्ते उठून हरकत घ्यायला लागले. जज्जसाहेबांनी त्यांना हाताने खाली बसवलं आणि स्वतः पुढे वाकले.

सावंतांनी तो हात दोन्ही हातांत धरला. धरून ठेवला. मग त्यांनी हात अलगद सोडला आणि बॅरिस्टरांना न सांगता जज्जसाहेबांना सांगितलं,

"साहेब, ह्यांका घराक पाठवा. ह्यांका ताप आसा."

दुभाष्याने इंग्रजी केलं. सगळं कोर्ट हसलं. बॅरिस्टर सगळ्यांत मोठ्याने हसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही साडेदहाला हजर. समोरच्या बाजूला बॅरिस्टर नव्हते, नुसता ज्युनिअर. तो उभा राहिला, घसा खाकरला, एकदा सावंतांकडे चोरून बघितलं आणि म्हणाला, "माय लॉर्ड, आम्हाला आठवड्याची मुदत हवी आहे. तब्येतीच्या कारणास्तव."